बाजारच्या दिवसाची गोळी

“काका, कॉम्प्युटर चुकत न्हाई,” जालन्याच्या दवाखान्यातली ऑपरेटर मुलगी मला फोनवर तिसऱ्यांदा सांगत होती.

“बरं, नाही चुकत. डॉक्टरांना फोन दे.”

“सर पेशंट बघून राह्यले.”

माझ्या हातात त्याच दवाखान्याची छापील चिठ्ठी होती. मेथोट्रेक्सेट, रोज एक. ही संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस जातो. हे मला तोंडपाठ होतं. तरीही चार दिवसांपूर्वी, बाजारच्या दिवशी, अशीच चिठ्ठी बघून मी वस्तीवरच्या सुंदरबाईंसाठी त्यांच्या नवऱ्याकडे दहा गोळ्यांचं पाकीट दिलं होतं. वर ‘रोज एक’ असं बजावलंही होतं. आज दुसऱ्या पेशंटची तशीच चिठ्ठी आली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्याला थांबवलं आणि फोन लावला.

कुंभार पिंपळगावात मेडिकल चालवताना वीस वर्षं मी या डॉक्टरांच्या अक्षराच्या नावानं बोटं मोडली. औषधाचं नाव लागेना म्हणून किती वेळा जालन्याला फोन केले असतील. पण या एका गोळीखाली ते मराठीत, ठळक लिहायचे: ‘बाजारच्या दिवशी एक.’ आमच्याकडे वार चुकेल, बाजार कुणाचा चुकत नाही. मग दवाखान्यात कॉम्प्युटर आला, चिठ्ठी स्वच्छ झाली आणि मी विचारायचं सोडलं.

शेवटी डॉक्टर फोनवर आले. मी सांगितलं ते ऐकून त्यांनी तिथंच त्या मुलीला विचारलं. तिचं उत्तर मला इकडे ऐकू आलं.

“सर, लिस्टमध्ये दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा एवढंच हाय. आठवड्याचं न्हाईच. काही निवडल्याबिगर प्रिंट निघत न्हाई.”

म्हणजे प्रिंट अडू नये म्हणून गोळी रोज. मी फोन आपटला आणि स्कूटर काढली. वाटेत डॉक्टरांना, त्या मुलीला आणि सगळ्यात जास्त स्वतःला शिव्या घातल्या.

सुंदरबाई दारात तूर पाखडत होत्या. मी आधी त्यांना तोंड उघडायला लावलं. तोंड ठीक होतं. पाकीट मागवलं. आत नऊ गोळ्या होत्या.

“मावशी, रोज घ्या असा निरोप दिला होता ना मी?”

“मालक बोल्ले तसं. पण भाऊ, बाजाराची गोळी हाय ती. बाजार काय रोज भरतो का?”

मी तिथंच खाली बसलो आणि पाणी मागितलं.

लिस्ट सुधारायला औरंगाबादहून माणूस येईपर्यंत तीन महिने गेले. तोवर डॉक्टर छापील चिठ्ठीवर पेनानं लिहायचे, ‘बाजारच्या दिवशी एक.’ अक्षर तेच, भयंकर. छापील चिठ्ठी मी अजून दोनदा वाचतो. आणि गोळी देण्याआधी पेशंटला विचारतो, “आधी कशी घेत होतात?”