जिन्यातून आलेले उत्तर

माझे पती शुक्रवारी वारले. सकाळी ते कामावर गेले होते. दुपारी त्यांच्या तुर्भ्याच्या कारखान्यातून दोघे जण आले आणि मला दवाखान्यात घेऊन गेले. त्या सकाळनंतर आमचे दोघांचे बोलणे झालेच नाही.

आम्ही वसईहून वाशीला राहायला आलो तेव्हा जवळ चर्च नव्हते. रविवारी खाडी ओलांडून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचो आणि रोज संध्याकाळी दोघे मिळून जपमाळ म्हणायचो. प्रत्येक मण्याला ‘नमो मरिये’ या मरियामातेच्या प्रार्थनेचा पहिला भाग मी म्हणायची, दुसरा ते. लग्नापासूनचा हा क्रम. ते गेल्यावर महिन्याचा मिस्सा झाला, पाहुणे परतले. दीर म्हणाले, गावी चला, इथे तुमचे कोण आहे? संध्याकाळी सवयीने माळ हातात घेतली, पहिला भाग म्हटला आणि अडले. दुसऱ्या भागात मरणाच्या घटकेसाठी विनंती आहे. ते शब्द मी त्यांच्याच आवाजात ऐकत आले होते. माझ्या तोंडून येईनात. तसेच सोडून मी पुढच्या मण्यावर जायची. अशी अर्धवट प्रार्थना देवाला पोचते का, हे विचारावे असे जवळ कोणी नव्हते. गावी जायचे मी जवळजवळ ठरवले.

एका संध्याकाळी उकाड्यामुळे दार उघडे होते. मी पहिला भाग म्हणून थांबले आणि जिन्यातून दुसरा भाग आला. कोकणीत, बाईच्या आवाजात. मी वळून पाहिले नाही. पाहिले तर तो थांबेल, असे वाटले. पुढच्या मण्यालाही उत्तर आले, आणि शेवटच्या मण्यापर्यंत येत राहिले.

दारात वरच्या मजल्यावर नुकतीच राहायला आलेली फिलोमिना उभी होती. हातात मासळीची पिशवी.

“रोज जिना चढताना ऐकते तुमचं,” ती म्हणाली. “तुमी अर्ध्यावर सोडता. मग मी वर जाऊन चुलीपाशी उरलेलं म्हणते. आज म्हटलं, इथंच म्हणून टाकू. बांगडे नासले तर नासले.”

मी हसले, आणि मग बराच वेळ रडले. ज्या प्रार्थना वाया गेल्या असे मी समजत होते, त्या माझ्या डोक्यावरच्या खोलीत रोज पुऱ्या होत होत्या.

पुढे तिने जपमाळेला कोपरखैरण्याचे एक मल्याळी जोडपे आणले, मी जालन्याकडचे एक कुटुंब बोलावले. जो तो आपल्या भाषेत उत्तर द्यायचा; कोणी पुढे, कोणी मागे. फिलोमिना म्हणायची, “जेवायला बरे सगळे एकदम पोचता. आमेनला पण पोचा की.” कोणाच्या घरी आजारपण आले की आम्ही पाळीपाळीने जाऊन बसू लागलो. पुढे जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मिस्सा सुरू झाला तेव्हा आम्ही एकमेकांना अनोळखी नव्हतो.

मी देवाकडे एकच आवाज मागत होते. त्याने दुसरे आवाज दिले. हे त्या मागण्याचे उत्तर होते का, ते मला ठरवता आले नाही, आणि आता ते ठरवणे मी त्याच्यावर सोडले आहे. मिळाले ते मात्र माझ्या पदरात मावणार नाही, इतके मोठे आहे.

फिलोमिना गोव्याला परतली. मी इथेच राहिले. शनिवारी संध्याकाळी घर माणसांनी भरते. सगळे उत्तर देऊ लागले की मी अजून माझ्या पतींचा आवाज शोधते. तो त्यात नसतो.