पिसांतलं पाणी

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, उभं आयुष्य मेंढरं राखली. गुडघे गेले तशी मेंढरं विकली, आणि न्हावऱ्याजवळच्या आमच्या रानात ते सकाळपासून बांधावर बसून राहायला लागले. नवरा कारेगावला राहून कंपनीत जातो, सुट्टीलाच घरी येतो. त्यामुळं कांद्याचं सगळं माझ्याकडं.

पाइपलाइनचा वॉल गळायचा, तिथं परातीएवढं डबकं कायम असायचं. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला तिथं एक पखुर्डी यायला लागली. पारव्याएवढा पक्षी, रंग असा की माळावर बसला तर ढेकूळच वाटावं. नऊच्या सुमारास यायचा, पाणी प्यायचा आणि मग पाण्यातच पोट टेकून डुलत राहायचा.

"अंघोळ करतोय," मी म्हणाले.

"अंघोळ न्हाई ती. नर हाय त्यो. पिल्लांस्नी पानी न्यायला आलाय, पोटाची पिसं भिजवतोय."

मला खरं वाटेना. मग मामांनीच काठी टेकत मला माळावर नेलं आणि बोरीच्या झुडपाआड बसवलं. नर उतरला, ताठ उभा राहिला. गवतातून तीन पिल्लं धावत आली, त्याच्या पोटाखाली शिरली आणि ओली पिसं चोचीत धरून ओढायला लागली. करडं शेळीला लुचतात ना, तशी.

"दाणं आपलं आपुन टिपत्यात," मामा हळूच म्हणाले, "पर पान्यापातूर उडाय पंख कुठं हायेत? तवर बापानं आणायचं."

मेंढरं गेल्यापासून मामांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दोनच दिवसांनी आभाळ आलं, कांद्यावर फुलकिडे दिसले. दुकानदारानं दिलेलं औषध मी दिवसभर मारलं. संध्याकाळी पाठीतून कळा येत होत्या. फवारणीचा पंप नेहमीसारखा वॉलपाशी नेला, तीनदा खळबळून तिथंच ओतला, घरी येऊन भाकरी केल्या. डोक्यात काहीच आलं नाही. हे मी पुन्हा पुन्हा आठवून बघते. काहीच आलं नव्हतं.

सकाळी गाईला वैरण टाकताना नराचा आवाज आला आणि पेंढी हातातून गळाली. धावले. तो डबक्यात बसून डुलत होता. ओरडले, ढेकूळ फेकलं. तो उडाला. पोटाच्या पिसांतून गळणारे थेंब मला स्पष्ट दिसले.

मी माळावर पोचेपर्यंत पिल्लांचं पिऊन झालं होतं. मी जवळ जाताच ती गवतात दडली, सापडेनात. दुपारी त्यांतली दोन सापडली, पाय ताणून पडलेली. तिसरं उन्हं उतरताना सापडलं, मान टाकलेलं, पण धुगधुगी होती. बाटलीच्या झाकणानं चांगलं पाणी पाजायला बघितलं. गिळेना. माझ्या ओंजळीतच गेलं.

"मामा, मी मारली," घरी येऊन म्हणाले. वाटलं, म्हणतील, तुला काय म्हाईत, पोरी.

"व्हय," ते म्हणाले. "पंप धुताना म्या बघितली तुला. बांधावरच व्हतो. माज्याबी ध्यानात आलं न्हाई."

त्याच संध्याकाळी मी डबकं मातीनं बुजवलं, शेजारी घमेल्यात पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवशी नर आला. घमेल्याला शिवला नाही. वॉलखालच्या नव्या ओघळात पोट घासलं आणि उडाला. मी मागं गेले. माळावर तो पिसं फुगवून ताठ उभा होता. मादी इकडंतिकडं फिरत हाका मारत होती. कुणी आलं नाही. उन्हात पिसं वाळली तेव्हा तो उडून गेला. असे चार दिवस. पाचव्या दिवशी तो आला नाही. औषधानं मेला की पिल्लं नाहीत हे त्याला उमगलं, मला कळलं नाही.

पुढच्या सुट्टीत नवऱ्यानं वॉल बदलला. मामा आता बांधावर जात नाहीत, खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून असतात. जेवायला हाक मारली तर उठतात, एवढंच.

फवारणी काही सुटलेली नाही. पंप धुवायला मी लांब खड्डा खणलाय. परवा धुवून मागं वळले तर खड्ड्याच्या ओल्या कडेवर दोन साळुंक्या किडे टिपत होत्या. हाकलल्या, तर चोचीत अळी घेऊनच उडाल्या, आमच्या पत्र्याखाली, जिथं त्यांची पिल्लं दिवसभर ओरडत असतात.