चढावर मोजलेलं तेल

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. दुधाची पिशवी मी हातावर तोलून बघते, करोल बागेत कापड घेतलं तर दुकानदाराच्या मीटरवर विसंबत नाही. नवरा म्हणतो, "तुला देवाने प्रसाद दिला तरी तू त्याची एक्सपायरी बघशील." बघेनच. दिल्लीत इतकी वर्षं सरकारी नोकरी केली आहे, ती काय डोळे मिटून?

हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या चढावर आमच्या खात्याची एक रोपवाटिका आहे आणि ती माझ्या ताब्यात आहे. तिथे एक छोटा डिझेल ट्रॅक्टर आला. नवा कोरा, सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. तो चालवायला कंत्राटावरचा एक ड्रायव्हर होता. पन्नाशी उलटलेला, गाझियाबादहून रोज यायचा आणि फारसं बोलायचा नाही. न बोलणाऱ्या माणसांवर माझं जरा जास्तच लक्ष असतं.

ट्रॅक्टर द्यायला आलेल्या मेकॅनिकने बजावलं होतं की नव्या इंजिनाला तेलाची हयगय चालत नाही. रोज सकाळी इंजिन गार असताना तेल मोजायची पट्टी बाहेर काढून बघायची, तेल तिच्यावरच्या दोन खुणांच्या मध्ये हवं. सोबत आलेल्या माहितीपुस्तकाला मी खाकी कव्हर घातलं आणि ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. ड्रायव्हरने एकदा मागितलं, तेव्हा "गुम हो जाएगा" म्हणून दिलं नाही. मीही ते उघडलं नाही. आमच्याकडे महत्त्वाच्या वस्तूचं असंच होतं.

मग मी हुकूम काढला की काम संपल्यावर ट्रॅक्टर माझ्या खिडकीसमोरच्या चढावर उभा राहील. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, शेड के पीछे ज़मीन बराबर है, वहीं ठीक रहेगा." मला एवढं पुरलं. शेडमागे म्हणजे माझ्या नजरेआड. पाणी कुठेतरी मुरतंय, हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या आधी अर्धा तास ऑफिसात येऊ लागले. बॉनेट उघडलं, पट्टी पुसली, आत घातली, बाहेर काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली! नव्या इंजिनात तेल जाईल कुठे? हा काढून विकतोय, दुसरं काय. पण बोलायचं नाही, रंगेहाथ पकडायचं, असं ठरवलं. तोवर माझ्या सहीने ताब्यात घेतलेलं इंजिन जळायला नको म्हणून करोल बागेतून तेलाचा डबा आणला. त्याचं सील तीनदा फिरवून बघितलं, वासही घेतला. मग जेवणाच्या डब्यातल्या वाटीने वरच्या खुणेपर्यंत तेल ओतलं. ती वाटी पुन्हा घरी नेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल परत कमी. मी परत ओतलं. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरात इंजिन निळसर धूर सोडायला लागलं, तेव्हा माझी खात्रीच झाली की हा चांगलं तेल काढून भलतंच काहीतरी भरतोय.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "यार, एकदा त्याला विचार तरी."

"विचारलं तर सावध होईल."

"आणि चोर नसला तर?"

मी पोळ्या लाटत राहिले.

शेवटी पुरावा सापडला. शेडमध्ये कुंड्यांच्या मागे, फडक्याने झाकलेला एक प्लास्टिकचा कॅन होता आणि त्यात काळपट झालेलं इंजिनचं तेल. मला इतका आनंद झाला की आज त्याची लाज वाटते. महिनाअखेरीस कंत्राटाचं नूतनीकरण होतं. मी टेबलाशी बसून हिंदीत टिपण लिहिलं की तेलाच्या चोरीमुळे ड्रायव्हर बदलण्यात यावा. घरात कमावणारा तो एकटाच आहे, हे मला ठाऊक होतं. तरी लिहिताना हात अडखळला नाही.

मग कॅन टेबलावर ठेवून त्याला बोलावलं. कॅन बघून तो घाबरेल असं वाटलं होतं. त्याने चक्क सुटकेचा निःश्वास सोडला.

"अच्छा हुआ मॅडम, आपको मिल गया. मैं खुद दिखाने वाला था. कोई रोज़ सुबह इंजन में फालतू तेल डाल देता है. मैं रोज़ निकालता हूँ. नया इंजन है, ज़्यादा तेल से सील फट जाएगी. कोई मेरी नौकरी खाना चाहता है." थोडं थांबून तो म्हणाला, "यहाँ किस पर भरोसा करूँ? एक आप ही हैं."

त्याने मला खाली नेलं. चढावर पट्टी काढून दाखवली, तेल कमी. मग ट्रॅक्टर शेडमागे सपाटीवर नेला, बंद केला, आणि तेल खाली बसेपर्यंत आम्ही दहा-पंधरा मिनिटं थांबलो. त्याने पट्टी पुसून पुन्हा घातली. तेल बरोबर दोन खुणांच्या मध्ये. चढावर ट्रॅक्टरचं नाक वर असतं, तेल मागे सरकतं आणि पुढच्या बाजूला असलेली पट्टी कोरडी राहते. एवढी साधी गोष्ट होती. कपाटातल्या त्या पुस्तकात पहिल्याच पानांवर लिहिलेली निघाली.

"वो मैं डालती थी," मी म्हणाले.

तो बराच वेळ पट्टी पुसत राहिला, ती स्वच्छ झाली होती तरी. टेबलावरचं टिपण त्याने वाचलं होतं, हे मला त्याच्या पुढच्या वाक्यावरून कळलं.

"गाड़ी तो नई है मॅडम, झेल गई. मुझे इस उमर में कौन रखता?"

ऑफिसात परत येऊन टिपण मी त्याच्यासमोर फाडलं. माफीही मागितली, अगदी सरळ शब्दांत. "कोई बात नहीं," तो म्हणाला. ट्रॅक्टर आता शेडमागे उभा असतो, माहितीपुस्तक त्याच्याकडे आहे, कंत्राटही पुढे चालू झालं.

पण तेव्हापासून रोज सकाळी तो पट्टी फडक्यावर आडवी धरून माझ्या टेबलाशी येतो. "देख लीजिए," म्हणतो. मी रोज सांगते की याची गरज नाही. तो हलत नाही, मान खाली घालून उभा राहतो. आणि सांगायला लाज वाटते, मी बघते.