रिकामे ठेवता न येणारे टाके

आमच्या घरामागचे पोहण्याचे टाके आईच्या गुडघ्यांसाठी बांधले होते. संधिवाताला पाण्यातला व्यायाम मानवतो, असे डॉक्टर म्हणाले आणि बाबांनी वलगाव रस्त्यालगतच्या आमच्या घरामागे संत्र्याची एक ओळ तोडून ते खोदवले. आई पंजाबी ड्रेस घालून कमरेएवढ्या पाण्यात फेऱ्या मारी. शेजारीण कुंपणाशी उभी राहून विचारी, "काकू, म्हैस कवा आनता यात?" आई तिलाच आत बोलावी.

आई गेली, टाके उरले. ते रिकामे ठेवण्याची सोय नव्हती. काळी माती पावसाळ्यात फुगते. आत पाण्याचा दाब नसेल, तर भिंती आत ढकलल्या जातात. म्हणून कोणी पोहत नसतानाही पंप चाले, वीजबिल वाढे. उन्हाळ्यात आटलेली पातळी टँकरने भरून काढावी लागे. बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांचा थर फरशांवर चढे, तो काढायला आम्ल लागे. माझ्या दृष्टीने हा निव्वळ तोटा होता. टाके मातीने बुजवून पुन्हा संत्री लावू, असे मी सुचवले, तेव्हा बाबांनी विषय बदलला.

मी तेव्हा अकोल्यात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. खोलीवर एकटी राहत असे. नमुन्यांखेरीज कुणाशी फारसे बोलणे नसे. रविवारी गाडीने बडनेऱ्याला उतरून घरी जाई. दर वेळी टाक्याच्या फरशांवर हिरवट निळे डाग दिसत, कारण बाबा शेवाळ मारायला मोरचूद टाकत. संत्र्यावर फवारतात, तेच. जड पाण्यात त्यातले तांबे साक्याच्या रूपाने खाली बसते, हे मी समजावून सांगे. ते मान हलवत. मग मी फिल्टर धुई, ते फरशा घासत. आमचे संभाषण आम्लता आणि क्लोरीन यांपलीकडे क्वचितच जाई; तरी आठवडाभरातले माझे खरे संभाषण तेवढेच.

बंगळुरातून संशोधनाच्या जागेसाठी निवडपत्र आले. मी बाबांना सांगितले आणि हेही, की टाक्याचा प्रश्न सुटेपर्यंत होकार कळवणार नाही. ते संत्रे सोलत होते, सोलत राहिले.

पुढच्या रविवारी पाण्याच्या तळाशी फरशांचे सांधेसुद्धा स्पष्ट दिसत होते. फिल्टर धुतलेला होता. मी तपासणीची पट्टी बुडवली. सगळे रंग जागच्या जागी. कोणाला बोलावले होते, असे मी विचारले.

"कोनाले कायले बोलावू? मले येते."

"कधीपासून?"

"तू शिकवलं तवापासून." ते पाण्याकडे पाहत म्हणाले, "पानी चांगलं असतं तं तू कायले आली असती, माय?"

मी दुसरी पट्टी बुडवली.

"जाय आता," ते म्हणाले. "टाकं मी पाह्यतो."

त्या दिवशी करण्यासारखे काहीच नव्हते. आम्ही काठावर बसून पाण्यात पाय सोडले. आई गेल्यापासून ते पाणी आमच्यापैकी कोणीच वापरले नव्हते. संध्याकाळी बडनेऱ्याच्या फलाटावरून मी होकार पाठवला.

आता रविवारी सकाळी बाबा फोनवर पट्टीवरचे आकडे वाचून दाखवतात. ते नेहमी बरोबर असतात. एखादा तरी चुकावा, या आशेने मी शेवटपर्यंत ऐकत राहते.