दोन स्टॉप तर आहे

कंडक्टरसाहेब रिटायर झाले आणि त्यांच्या बायकोच्या गुडघ्यांना वाईट दिवस आले.

त्याचं असं झालं. साहेबांना शहरातली गल्ली न् गल्ली पाठ, पण सगळी बसमधून. अंतर कुठलंही असो, त्यांच्या तोंडी एकच, "बंदर ना? अगं, दोन स्टॉप तर आहे!" आता बसचे दोन स्टॉप पायी किती पडतात, हे या माणसाला कसं कळावं? आयुष्यात कधी चालला असेल तर शपथ! त्यातून रविवारी हमखास ड्यूटी. अख्ख्या गावाला समुद्रावर नेऊन सोडलं, एक स्वतःची बायको तेवढी सोडून. ती गॅलरीत कपडे वाळत घालता घालता म्हणायची, "होऊ देत एकदा रिटायर. मग रविवारी दीपगृहापाशी दोघं बसू."

झाले रिटायर. दर रविवारी जोडी निघायची आणि दीपगृह राहायचं बाजूलाच. कधी मासळीबाजारापर्यंत, कधी गोदीच्या भिंतीपर्यंत मजल जायची. तिथे बाईंचा गुडघा संप पुकारायचा, की टॅक्सी करून घरी. बसचं नाव काढायची सोय नव्हती. "मी आणि प्रवासी? डेपोतली पोरं हसतील!"

या रविवारी मात्र तिने चपला घालतानाच बजावलं. "अहो, आज दीपगृह आलं नाही, तर पुढच्या रविवारपासून मी धाकटीच्या गाडीतून जाणार. तुम्ही बसा घरी स्टॉप मोजत."

साहेबांनी मनातल्या मनात सीटा मोजल्या. मेहुणीच्या गाडीत पुढे मेहुणी, मागे तिची दोन कुत्री आणि आता बायको. यांना कोण विचारतंय?

निघाले. गोदीची भिंत काही केल्या संपेना.

"आलंच," साहेब म्हणाले.

"मघाशीपण आलंच होतं. आलं कुठे?"

"हे वळण घेतलं की बघ."

वळण घेतलं, तर पुढे आणखी भिंत. बाई थांबल्या, गुडघा चोळला आणि मागून येणाऱ्या बसला सरळ हात केला. साहेब "अगं, अगं" करेपर्यंत त्या पुढच्या दाराने चढल्यासुद्धा! झक मारत साहेब मागच्या दाराने चढले.

कंडक्टर नवा होता, ओळखदेख काही नाही. "ओ काका, दारात काय उभे राहताय? पुढे सरका, पुढे सरका!"

जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेलं आज स्वतःला ऐकावं लागलं. पुढच्या सीटवर बाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "ऐका हो त्यांचं, सरका ना पुढे." साहेब मुकाट्याने पुढे सरकले ते नेमके घंटीच्या दोरीखाली.

दीपगृहाचा स्टॉप आला. बाई पुढच्या दाराने सावकाश उतरल्या. साहेबांनी सवयीने वाकून पाहिलं, म्हातारं माणूस आहे, दोन्ही पाय जमिनीवर टेकले की नाही? टेकले. आणि हात आपसूक वर गेला.

टिंग टिंग!

बस सुटली. बाई खाली, साहेब वर. खिडकीतून बायको मागे मागे जाताना दिसली, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अरे थांबव! माझी बायको राहिली!"

"मग घंटी कशाला वाजवलीत?" कंडक्टर म्हणाला. "आता थेट डेपो."

डेपोतून साहेब चालत निघाले. बसमधून हा स्टॉप एका जांभईत संपायचा. आज मात्र तो संपता संपेना. पोटऱ्या भरून आल्या, शर्ट पाठीला चिकटला. दूरवर दीपगृहाखालच्या बाकावर ती एकटीच समुद्राकडे तोंड करून बसलेली दिसली, आणि साहेबांना एकदम फार वाईट वाटलं. इतके रविवार आपण हिला अशीच एकटी ठेवून डेपोत गेलो की.

धापा टाकत ते बाकापाशी पोचले. तिने मान वळवली नाही.

"फार लांब होतं का हो?"

"अगं... एक... एक स्टॉप."

"एक स्टॉप तर आहे," ती म्हणाली आणि बाकावर थोडी सरकली. "बसा आता. आणि तो हात जरा इकडे द्या."

खबरदारी म्हणून तो हात तिने अंधार पडेपर्यंत धरून ठेवला.