मुकादमीण घरी जाते

मोठ्या सिस्टरांचा आवाज वॉर्डात दोन भिंतींपलीकडे पोहोचायचा, आणि घरी मात्र आठ-आठ दिवस कुणाच्या कानावर पडायचा नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूरच्या गावी. त्याच्या फोनमध्ये ‘जेवलीस का’ आणि ‘बरं, ठेवतो’ यांच्यामध्ये फारसं काही नसायचं. क्वार्टरमध्ये आल्या की त्या आधी टीव्ही लावायच्या आणि पाठ करून कामाला लागायच्या. घरात कुणीतरी बोलतंय, एवढं त्यांना पुरायचं.

मनोरुग्णालयातला बायकांचा वॉर्ड बांधला तेव्हा खाटेला एक बाई होती म्हणे. आता दोन खाटा जोडून तिथे तीन-तीन जणी झोपायच्या, उरलेल्यांच्या गाद्या मधल्या वाटेत. औषधांची ट्रॉली दारातच अडायची. नर्स निवृत्त झाली की तिची खुर्ची तेवढी मागे राहायची, माणूस काही यायचं नाही. पूर्ण पाळीला मोठ्या सिस्टर आणि गुडघे धरून चालणारी एक आया. “आभाळच फाटलंय, ठिगळ लावू कुठं?” असं म्हणत सिस्टर दिवसभर ठिगळंच लावायच्या.

त्यांचं सगळ्यात मोठं ठिगळ म्हणजे एक पेशंट. ही बाई आली तेव्हा तिला आवाज ऐकू यायचे, जेवणात विष आहे म्हणून ताट भिरकावायची. औषध लागू पडलं आणि आवाज थांबले. एकदा गोळ्यांच्या रांगेत दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. ही मध्ये घुसली, कमरेवर हात ठेवून ओरडली, “ए, रांगेत! गोळ्या आहेत, पेढे नाहीत!” दोघी गुपचूप रांगेत. तेव्हापासून ती मुकादमीण झाली. सिस्टर गोळी द्यायच्या, मुकादमीण म्हणायची, “आ कर. जीभ वर. गालात काय लपवलंस गं?” अंघोळी, वेण्या, न जेवणाऱ्यांना चमच्याने भरवणं, सगळ्यात तिचे हात. दुपारच्या चहाला ती आणि सिस्टर खिडकीच्या कट्ट्यावर टेकायच्या. मुकादमीण आईबद्दल बोलायची. आई कशी शेजारणीशी भांडून तिच्याकडेच विरजण मागायला जाते, वगैरे. सिस्टर हसायच्या. दिवसातलं त्यांचं तेवढंच हसणं.

डॉक्टर एक आणि वॉर्ड तीन. राउंडला ते पेशंटकडे कमी, सिस्टरांकडे जास्त बघायचे. “ही कशी आहे?” असं त्यांनी विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “झोप अजून नीट नाही, सर.”

ते खोटंही नव्हतं. अंघोळीची रांग लावायला त्याच तिला भल्या पहाटे हलवून उठवायच्या.

“मग थांबू थोडं,” डॉक्टर म्हणाले. पुढच्या राउंडला तेच वाक्य सिस्टरांच्या तोंडून आपोआप निघालं. नंतर तर डॉक्टरच आधी म्हणायला लागले, “झोपेचं काय?” सिस्टर नुसती मान हलवायच्या.

मग मुकादमिणीचा मोठा भाऊ आला. पिशवीत बहिणीचे धुतलेले कपडे घेऊनच आला होता.

“आम्ही गाव सोडतोय, साहेब. नोकरी लांब लागलीय. आईला आता अंधुकच दिसतं, रोज हिलाच विचारते. आज नेली नाही तर पुन्हा एवढ्या लांबून कधी जमेल, सांगता येत नाही.”

डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी जमिनीकडे.

“झोप नाही हो तिला अजून,” डॉक्टरच म्हणाले. “घरी बिघडलं म्हणजे?”

भावाने पिशवी खांद्याला लावली. “बरं. भेटून जातो मग.”

तो बहिणीजवळ बसून होता तोवर सिस्टर चादरी मोजत बसल्या. सारखा आकडा चुकत होता. थोड्या वेळाने मुकादमीण शेजारी येऊन उभी राहिली. एरवी आल्या आल्या काम ओढून घेणारी बाई हात पाठीमागे बांधून उभी.

“सिस्टर, एक विचारू? हसायचं नाही.”

“विचार की.”

“मला वाटतं, मला झोप लागते. पडल्या पडल्या डोळा लागतो. पण दादा म्हणतो, डॉक्टर सांगतात झोप नाही. म्हणजे मला जे वाटतं ते खरं नसतं ना?” तिने आवाज खाली आणला. “आवाज यायचे, तेही मला खरेच वाटायचे. गोळी वाढवायला सांगता का?”

इतक्या दिवसांनी जागेवर आलेलं माणसाचं मन सिस्टरांनी स्वतःच्या सोयीसाठी पुन्हा हलवलं होतं. चादरी तशाच टाकून त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

“ती चांगली झोपते, सर. मीच उठवते तिला, पहाटे. ती बरी आहे. कधीचीच.”

“मग इतके दिवस का नाही बोललात?”

“हात कमी पडतात.” मग त्या म्हणाल्या, “आणि बोलायलाही कुणी नाही.”

डॉक्टर पेन उचलून म्हणाले, “भावाला थांबवा.”

भाऊ फाटकापर्यंत पोहोचला होता. सिस्टर धावत गेल्या.

मुकादमीण कपडे बदलून आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. ती ऐकत राहिली.

“म्हणजे झोपत होते ना मी?”

“झोपत होतीस. घोरायचीस सुद्धा.”

तिने डोळे मिटले, उघडले. रागावली, रडली, की सुटल्यासारखं वाटलं, काही कळलं नाही. “येते” असंही म्हणाली नाही. भावाच्या मागून सरळ चालत गेली. सिस्टरांनी दाराला आतून कुलूप घातलं.

संध्याकाळी एका म्हातारीची वेणी घालायची राहिली होती. सिस्टर फणी घेऊन तिच्यामागे बसल्या.

“ती कुठंय?” म्हातारीने विचारलं.

“घरी गेली, आजी.”

“आणि तू?”

“मी पण जाणार. पाळी संपली की.”

“तुला न्यायला कोण येतं गं?”

“मान सरळ ठेवा, आजी,” सिस्टर म्हणाल्या, आणि गुंता सोडवत राहिल्या.