नव्या करवतीची पहिली टाकी

आमचे हे झाडं तोडतात. वाटेल ती नाही. वाळलेली, घरावर झुकलेली, तारांत अडकलेली. लग्नाच्या आधीपासून हाच धंदा. हात पक्का, डोकं थंड आणि हट्ट असा की बैलानं हात जोडावेत.

शेडमध्ये ह्यांचे दोन काळे कॅन असतात, अगदी जुळे. एकात स्कूटरचं साधं पेट्रोल, दुसऱ्यात इंजिनच्या करवतीसाठी ऑइल मिसळलेलं. मी कितीदा म्हटलं, अहो, काहीतरी खूण करा. तर म्हणायचे, "झाकण उघडलं की कळतं. नाक कशाला दिलंय?" आणि कळायचंही, खोटं कशाला बोलू.

मग ह्यांना तो मोठा ताप आला. त्यातून उठले, कामाला लागले आणि महिन्याभरात जुनी करवत बंद पडली. मेकॅनिकनं ती उघडली तर पिस्टनवर ओरखडेच ओरखडे. "काका, ही बिनऑइलच्या पेट्रोलवर चाललीय," तो म्हणाला. ह्यांनी सगळं खापर पेट्रोल पंपावर फोडलं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

एका सकाळी मी दूध गॅसवर ठेवून कपडे वाळत घालायला अंगणात गेले. करपल्याचा वास पार दोरीपर्यंत आला. धावत आत आले तर हे गॅसकडे पाठ करून निवांत पेपर वाचत बसलेले.

"दूध करपलं की हो."

"हो का?" म्हणाले आणि पेपर खाली केला. तेव्हा चेहरा दिसला.

"वास कधीपासून येत नाही?" मी विचारलं.

"तापापासून. कुणाला सांगू नकोस."

राग तर इतका आला मला. आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

नवी करवत आली ती होतं नव्हतं ते घालून. हीही गेली तर धंदा बंद, हे दोघांनाही ठाऊक होतं. दुकानदारानं बजावलं होतं, पहिल्या काही टाक्यांना ऑइल दुप्पट घाला, जोर लावू नका, इंजिन रुळू द्या. ह्यांनी मापानं पेट्रोल घेतलं, मापानं ऑइल घातलं, कॅन चांगला हलवला आणि ठेवला त्या दुसऱ्याच्या शेजारी. धन्य ती सवय.

दुसऱ्या दिवशी टाकी भरायला गेले, तर कुठला कॅन कुठला ते आठवेना. मी दारातून बघत होते. ह्यांनी एकाचं झाकण काढलं, नाक जवळ नेलं आणि तसेच उभे राहिले.  मी आपण होऊन सांगायला गेले असते तर तो कॅन जागच्या जागी राहिला असता आणि माणूस तरातरा निघून गेला असता.

मग मागे न वळताच म्हणाले, "अगं, जरा ये इकडे. वास घेऊन सांग."

मी वाकले. "हे नुसतं पेट्रोल." दुसरा उघडला. "ह्यात ऑइल आहे."

"नक्की?"

"शिलाई मशीनवर जन्म गेलाय माझा. तेलाचा वास मला विचारता?"

ह्यांनी टाकी भरली. दोरी ओढली, निळसर धूर निघाला आणि करवत चालू झाली. शेडमागे एक ओलं खोड पडलं होतं, ते हळूहळू कापायला घेतलं. थोडं कापायचं, थांबायचं, करवत निवू द्यायची. एकदा थांबले तेव्हा भुशाची मूठ भरून माझ्यापुढे धरली.

"कसा येतोय?"

हा भुसा मी जन्मभर ह्यांच्या कपड्यांवरून बडबडत झटकला. हुंगला कधीच नव्हता.

"ओलसर," मी म्हटलं. "थोडा गोड. कुजका नाही."

"मग खोड आतून चांगलं आहे," हे म्हणाले आणि तापानंतर पहिल्यांदा मोकळे हसले. मला फार बरं वाटलं. ह्यांनी पुन्हा करवत उचलली, पण चालू केली नाही.

"उद्या चौकातलं ते मोठं झाड आहे. आतून कुजलं असेल तर चढण्याआधी कळायला हवं. येशील?"

इतक्या वर्षांत ह्यांनी मला कामावर कधी नेलं नव्हतं. सकाळी माझी दोन गिऱ्हाइकं माप द्यायला येणार होती. त्यांना संध्याकाळी या म्हणून कळवलं.